कॉम्प्टन की लाँग आयलंड? क्रॅकच्या काळातलं हिप-हॉप समजून घ्यायचं तर आधी कोणता अल्बम

भाच्याने परवा विचारलं, "मामा, हिप-हॉप नुसतं ऐकायचं नाहीये, तो काळ कळायला हवा. सुरुवात कुठून करू?" नुसत्या बीटसाठी ऐकणाऱ्याला काहीही चालेल. पण नशेचा धंदा, कृष्णवर्णीयांच्या वस्त्या आणि पोलीस, हे तिन्ही एकत्र ऐकायचं असेल तर माझ्या मते दोन अल्बममधून निवड करायची. एक, लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनच्या एनडब्ल्यूए या रॅप गटाचा 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन'. दुसरा, न्यूयॉर्कला लागून असलेल्या लाँग आयलंडच्या पब्लिक एनिमी या गटाचा 'इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक'. दोन्ही १९८८ च्या आसपासचे.

ऐकण्याआधी एक हिशोब डोक्यात पक्का हवा. क्रॅक म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, कोकेनचेच ओढता येतील असे खडे. पूड महाग, ती पैसेवाल्यांची. क्रॅकची छोटी कुपी पाच-दहा डॉलरला मिळायची, म्हणून ती गरीब वस्त्यांत पसरली. १९८६ च्या अमेरिकन कायद्याने ५ ग्रॅम क्रॅक विकणाऱ्याला किमान पाच वर्षांची कैद ठरवली. पुडीच्या बाबतीत तेवढीच शिक्षा व्हायला ५०० ग्रॅम माल लागायचा. एकाच नशेला शंभरपट वेगळं माप! तुरुंग कोणाच्या पोरांनी भरले ते वेगळं सांगायला नको. २०१० मध्ये हे प्रमाण अठरापटीवर आलं, बरोबरीवर नाही.

एनडब्ल्यूए गल्लीत उभं राहून बोलतं. गटातला ईझी-ई तर स्वतः माल विकणाऱ्यांतला. पोलिसांना थेट शिवी घालणारं त्यांचं गाणं कोर्टासारखं रचलंय: डॉ. ड्रे न्यायाधीश, आइस क्यूब, एमसी रेन आणि ईझी-ई एकेक करून साक्षीला येतात, आरोपी पोलीस खातं. क्यूबच्या साक्षीत एक बारकावा आहे, तो सोडू नका. अंगावर जरासं सोनं आणि जवळ पेजर असलेला कोवळा पोरगा दिसला की पोलीस त्याची गाडी झडतात, कारण काळा आहे म्हणजे माल विकतच असणार, हे त्यांनी धरूनच ठेवलंय. पुढे तो म्हणतो, गोऱ्या जोडीदाराबरोबर आलेला काळा पोलीस जास्तच हात चालवतो. त्याला गोऱ्यापुढे करून दाखवायचं असतं. वर्ण आणि वर्दीचं नातं इतक्या कमी शब्दांत मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. आणि हे हवेतलं नव्हतं. एप्रिल १९८८ च्या एका शनिवार-रविवारी लॉस एंजेलिस पोलिसांनी हजारभर माणसं उतरवून चौदाशेहून जास्त लोकांना उचललं होतं. १९८९ मध्ये एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने या गाण्याबद्दल रेकॉर्ड कंपनीला नाराजीचं पत्रच धाडलं.

मात्र धंद्याबद्दल हा अल्बम फारसे प्रश्न विचारत नाही. बायकांबद्दल जे बोलतो ते मला आजही सहन होत नाही, आणि काळच तसा होता म्हणून मी ते माफ करणार नाही.

पब्लिक एनिमीचा चक डी विद्यापीठात ग्राफिक डिझाइन शिकलेला. त्याचा राग विचार करून आलेला आहे. 'नाइट ऑफ द लिव्हिंग बेसहेड्स' (बेसहेड म्हणजे क्रॅकच्या आहारी गेलेला) आधी ऐका. सुरुवातीला एका भाषणाचा तुकडा येतो: आम्हाला इथे आणलं, आमचं नाव लुटलं, भाषा लुटली. मग कर्कश सॅक्सोफोन. तेव्हाच्या पोरांच्या बोलीत 'डोप' म्हणजे नशेचा माल आणि 'लय भारी'सुद्धा. चक डी म्हणतो, हे गाणं डोप आहे म्हणताय ना, थांबा, आधी या शब्दाचा अर्थ ठरवू. तिथून तो घसरतो तो थेट आपल्याच भावाला माल विकणाऱ्या भावांवर. विकणारा आणि ओढणारा एकाच घरातले, हे दुखणं तो बोलून दाखवतो, आणि म्हणूनच माझा कौल या अल्बमला.

याच अल्बममध्ये ब्लॅक पँथर या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेचा वारसा उघड सांगितलाय. मुंबईत १९७२ मध्ये उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नाव तिथूनच घेतलं होतं, त्यामुळे हा सूर आपल्याकडच्या अनेकांना अनोळखी वाटणार नाही. दोष इथेही आहेत. टीव्ही बघणाऱ्या बायकांना हिणवणारं एक गाणं आहे, आणि गटातल्या प्रोफेसर ग्रिफने १९८९ मध्ये ज्यूंबद्दल अत्यंत विखारी विधानं केली. ते झाकून अल्बम पुढे करणं मला जमणार नाही.

कानाला सोपा कुठला? एनडब्ल्यूए. गोष्ट सरळ, ठेका मोकळा. पब्लिक एनिमीत भोंगे, भाषणं, आवाजांचे थर एकावर एक चढतात. पहिल्यांदा डोकं भणभणतं. दोन्ही जड वाटले तर ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह या गटाचं १९८२ चं 'द मेसेज' हे एकच गाणं ऐका. क्रॅक यायच्या आधीचं न्यूयॉर्क सात मिनिटांत दिसतं.

भाच्याला मी पब्लिक एनिमी आधी दिला, आणि तोही गाण्यांचे शब्द समोर ठेवून. एनडब्ल्यूए पुढच्या आठवड्यात, हेडफोन लावून. घरात त्याची धाकटी बहीण आहे.