मियाटाचं पॉवर स्टिअरिंग काढलं, त्यानंतरचं वर्ष

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. वजन कमी करायचं म्हणून पॉवर स्टिअरिंग काढणार असाल तर काढू नका. हाताला रस्ता कळावा म्हणून काढणार असाल, गाडी हलकी असेल, घरात रोजच्या वापराला दुसरी गाडी असेल आणि रॅक (स्टिअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत नेणारा दातेरी दांडा आणि त्याचं घर) पूर्ण उघडायची तयारी असेल, तर खुशाल काढा. अर्धवट काम करण्यापेक्षा आहे ते बरं.

गाडी १९९२ ची माझदा मियाटा, दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार. १.६ लिटर, ११६ हॉर्सपॉवर, वजन हजार किलोच्या आसपास, एअर कंडिशनर चालू. राहतो कॅलिफोर्नियात, बे एरियात. गाडी शनिवार-रविवारची: डोंगरातले रस्ते, मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू लावून होणाऱ्या ऑटोक्रॉसच्या शर्यती आणि जमेल तेव्हा लगुना सेकाचा ट्रॅक. ऑफिसला दुसरी गाडी जाते. हे सुरुवातीलाच सांगतोय, कारण एकच गाडी असलेल्या माणसाने माझ्या अनुभवावरून काही ठरवू नये.

काढलं काय काय? ऑइलच्या दाबाने स्टिअरिंगला मदत करणारा पंप, त्याचा ब्रॅकेट, ऑइलची टाकी, जाड नळ्या, रॅकसमोरून जाणारा ऑइल गार करायचा पाइप आणि अर्थात ऑइल. भारतात जाताना बॅगा मोजायला आणलेला हुकाचा काटा घरात होताच, त्यालाच सगळं पिशवीत घालून लटकवलं. दहा किलोंच्या आसपास भरलं. म्हणजे गाडीच्या वजनाच्या जेमतेम एक टक्का. हे वजन पुढच्या चाकांच्या वर आणि इंजिनाच्या पुढे असतं, त्यामुळे जाण्याला किंमत आहे, हे मान्य. पण नुसतं वजनच हवं होतं तर हलकी बॅटरी बसवायची, डिकीतलं स्पेअर चाक आणि जॅक काढून ठेवायचे. हात काळे न करता तासाभरात तेवढंच वजन गेलं असतं. घड्याळावर दहा किलोंचा फरक मला तरी दिसला नाही. इंजिन थोडं मोकळं झाल्यासारखं वाटतं असं काही जण सांगतात. मला ते मनाचे खेळ वाटतात.

आता खरा मुद्दा. हे काम दोन प्रकारे होतं आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी मुद्दाम टप्प्याटप्प्याने केलं, दोन्ही वापरून बघायचे होते म्हणून.

पहिला प्रकार स्वस्तातला. पंप काढायचा आणि रॅकच्या दोन पाइपांची तोंडं एकमेकांना जोडून टाकायची. गाडी चालते, पण स्टिअरिंग चिखलात फिरवल्यासारखं लागतं. कारण साधं आहे. पॉवर रॅकच्या दांड्यावर एक पिस्टन असतो आणि त्यावर घट्ट सील. पंप असताना ऑइल त्या पिस्टनला ढकलतं. पंप गेला की उलटं होतं: तुम्ही स्टिअरिंग फिरवता आणि तुमचाच हात आत उरलेलं ऑइल या बाजूचं त्या बाजूला रेटत बसतो. वर पिनियनची, म्हणजे रॅकचे दाते फिरवणाऱ्या छोट्या गिअरची, गंमत वेगळी. पॉवर रॅकमध्ये स्टिअरिंगचा दांडा आणि पिनियन यांच्यामध्ये एक बारीक टॉर्शन बार, म्हणजे पिळली जाणारी सळी, असतो. तो किती पिळला यावरून व्हॉल्व्हला कळतं, मदत कुठल्या बाजूला आणि किती द्यायची. मदत बंद झाल्यावरही तो पिळला जातोच, आता तर सगळा जोर त्याच्यातूनच जातो. त्यामुळे स्टिअरिंग थोडं फिरतं आणि मग चाकं हलतात. आपल्याकडचे मेकॅनिक याला ‘प्ले’ म्हणतील. सरळ रस्त्यावर हायवेच्या वेगाने तो प्ले फार चीड आणतो. जड झालेलं परवडलं, पण जड आणि वर सैल हे काही खरं नाही.

पॉवर स्टिअरिंग काढून पस्तावलेले बहुतेक लोक इथेच थांबलेले असतात.

दुसरा प्रकार म्हणजे रॅक बाहेर काढून उघडणं. पिस्टनवरचं सील काढून टाकायचं, आतलं ऑइल पुसून ग्रीस भरायचं आणि पिनियनजवळचा तो पिळणारा जोड वेल्डिंग करून पक्का करायचा. हे वेल्डिंग ओळखीचा आहे म्हणून कुणाही हौशी माणसाकडून करून घेऊ नका, हा स्टिअरिंगचा भाग आहे. मी रॅकचंच काम करणाऱ्या माणसाकडे दिलं. बाकीची खोलाखोली घरच्या गॅरेजमध्ये झाली. टाय रॉडची (रॅक चाकांना जोडणाऱ्या सळ्यांची) टोकं जुनी होती, ती त्याच वेळी बदलली. रॅक परत बसवला की अलाइनमेंट करावीच लागते, ते पैसे आधीच धरा.

एक छोटी गोष्ट, जी कुणी आधी सांगत नाही: या गाडीत पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर एकाच बेल्टवर असतात. पंप गेला की तो बेल्ट लांब पडतो. एसी ठेवायचा असेल तर आखूड बेल्ट आधीच आणून ठेवा.

वेल्डिंग केलेल्या रॅकसह पहिलाच डोंगरातला रस्ता, आणि मला इतकी वर्षं आपण काय चालवत होतो असं झालं. डांबराचा पोत बदलला की हाताला कळतं. पुढच्या टायरची हवा कमी झालेली मला एकदा स्टिअरिंगवरूनच कळली, उतरून बघितलं तर खरंच कमी. सगळ्यात मोठा फायदा ट्रॅकवर. वळणात टायरची पकड संपायच्या थोडं आधी त्याचा स्वतःहून सरळ व्हायचा जोर कमी होऊ लागतो. पकड अजून वाढत असते, पण स्टिअरिंग हातात हलकं पडायला लागतं. टायर आधीच सांगत असतो की आता बास. ऑइलच्या दाबाच्या मदतीत हा निरोप पुसट होतो. मदतीशिवाय तो इतका स्पष्ट येतो की लगुना सेकाच्या नवव्या वळणावर, उतारावरच्या त्या लांब डावीकडच्या रेनी कर्व्हमध्ये, मी पहिल्यांदाच स्टिअरिंग वाढवायच्या ऐवजी किंचित सोडायला शिकलो. वेळ सुधारली ती याने. दहा किलोंचा त्यात काही संबंध नाही.

आता दुसरी बाजू. माझदाने त्या काळात अमेरिकेत ही गाडी साध्या स्टिअरिंगचीही विकली होती, पण तिचा रॅक वेगळा. स्टिअरिंग किती फिरवलं की चाक किती वळतं, ते गुणोत्तर पॉवरवाल्याचं सुमारे १५ ला १, साध्याचं १८ ला १. म्हणजे कंपनीने साध्या स्टिअरिंगवाल्याला थोडं जास्त फिरवायला लावून बदल्यात हलकेपणा दिला. मी ठेवलाय पॉवरचाच रॅक, मदत मात्र काढून घेतलेली. पटकन वळतो, पण वजन सगळं माझ्या खांद्यांवर. ट्रॅकवर वेग असल्याने हे जाणवत नाही. दुसऱ्या आणि अकराव्या वळणावर, जिथे गाडी हळू होते, तिथे मात्र जाणवतं. ऑटोक्रॉसमध्ये तर सतत हळू आणि सतत उलटसुलट वळणं. दिवसाच्या शेवटच्या फेऱ्यांत माझे हात शंकूंच्या मागे पडतात, हे मी व्हिडिओत बघितलंय. फक्त ऑटोक्रॉस करणाऱ्याला मी हे सुचवणार नाही. साधा मूळ रॅक चांगल्या अवस्थेत मिळाला तर तो बघा, पण मग हात जास्त फिरवावे लागणार.

दोन-तीन गोष्टींनी जडपणा बराच कमी झाला. २०५ मिलिमीटर रुंदीचे टायर जाऊन १९५ चे आले. अलाइनमेंटमध्ये कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव, कमी करून घेतला. पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत लोक कॅस्टर भरपूर ठेवतात, कारण त्यामुळे येणारा जडपणा पंप खाऊन टाकतो. छोटं, दिसायला देखणं स्टिअरिंग व्हील बसवायचा मोह मात्र टाळा. व्हील जितकं लहान तितका जोर जास्त. आणि बाहेर आलेली रुंद चाकं लावली असतील तर रस्त्याच्या प्रत्येक चरात स्टिअरिंग हाताला हिसका देईल. ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर चढताना अंगठे आऱ्यांच्या आत ठेवू नका.

पार्किंगचं सगळे विचारतात. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवायचंच नाही, गाडी जराशी हलती ठेवून वळवायचं. सनीवेलच्या इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये रविवारी संध्याकाळी हे जमवणं म्हणजे परीक्षा असते. बायकोने एकदा चालवून किल्ली माझ्या हातात दिली, विषय संपला. आई-बाबा इथे आले होते तेव्हा बाबांनी मात्र त्याच पार्किंगमध्ये एका दमात गाडी लावली. पुण्यात वीस वर्षं पद्मिनी चालवलेला माणूस. वर मला म्हणाले, “यात जड काय आहे?”

पुण्या-मुंबईचे मित्र विचारतात की स्विफ्टचं किंवा पोलोचं काढू का. नको. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक स्टिअरिंग असतं. त्यात पंप, नळ्या, ऑइल काही नसतं, त्यामुळे वाचणारं वजन आणखी कमी. मोटर बंद केली तरी तिचे गिअर फिरवायचे तुम्हीच, आणि डॅशबोर्डवर दिवे लागतील ते वेगळेच. शिवाय भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांना आडवं येतं आणि अपघात झालाच तर विमावाल्यांना आयतं कारण मिळतं. मारुती ८०० ला पॉवर स्टिअरिंगची गरज नव्हती, कारण गाडी साडेसहाशे किलोंची आणि टायर सायकलला लाजवतील इतके बारीक. १९९६ ची लोटस एलिस सव्वासातशे किलोंच्या आसपास, आणि तिचं इंजिन मागे. या गाड्या मुळातच मदतीशिवाय आखलेल्या आहेत. गुणोत्तर, टायर, पुढच्या चाकांवरचा भार, सगळं तसं ठरवलेलं. दीड टनाच्या गाडीतून पंप काढून तसं काही मिळत नाही.

वर्षभरात रॅकमधून आवाज नाही, प्ले आलेला नाही, टायर सारखे झिजतायत. दर दोन वर्षांनी होणारी धुराची चाचणी या काळात आली, तिला याचं काही देणंघेणं नव्हतं. काढलेला पंप आणि नळ्या तेल लावून खोक्यात ठेवल्यात, कारण पुढे गाडी विकायची झाली तर घेणारा ते पहिल्यांदा विचारेल. रॅक मात्र आता परत पॉवरचा होणार नाही, वेल्डिंग केलं की तो रस्ता बंद. म्हणून करायचंच असेल तर आपल्या गाडीचा रॅक उघडू नका. भंगारवाल्याकडून दुसरा पॉवर रॅक आणा, त्यावर काम करून घ्या आणि मूळचा बाजूला ठेवा.