क्वार्टर स्केल कब, प्लॅनवरून बांधलेलं: साठ उड्डाणांनंतर

पायपर जे-३ कब या जुन्या छोट्या विमानाचं रेडिओवर उडणारं मॉडेल, १/४ स्केल, म्हणजे मूळच्या चौथ्या हिश्शाचं. पंखांचा विस्तार २.६९ मीटर, लांबी १.७१ मीटर, कॉर्ड (पंखाची रुंदी) ४०० मिमी, २० सीसीचं पेट्रोल इंजिन, टाकी रिकामी असताना वजन ७.३ किलो. बांधकाम जून ते सप्टेंबर, उड्डाणं ऑक्टोबर ते मे.

निकाल आधीच सांगून टाकतो. विमान उडवायला सोपं आहे, पण त्याचा प्लॅन कोल्हापूरचा पावसाळा डोळ्यांपुढे ठेवून काढलेला नाही. जी काही डोकेदुखी झाली, ती त्या फरकातूनच.

सुरुवात छपाईपासून. प्लॅनची फाइल मोठ्या प्रिंटरवर देताना ‘फिट टू पेज’ राहिलं, की एखाद टक्क्याची काटछाट होते आणि ४०० मिमीची रिब (पंखाची फासळी) ३९६ ची येते. सगळं एकाच प्रमाणात लहान झालं तर चालून जातं, पण रिबचा कागद एकीकडून आणि पंखाचा दुसरीकडून छापला तर काहीच जुळत नाही. प्रत्येक तावावर आडवं-उभं एक मीटर मोजून बघा. जुलैच्या दमट हवेत कागद स्वतःही फुगतो, म्हणून रिबचा साचा पहिल्याच दिवशी सनमायकावर कापून ठेवा आणि पुढे कागद विसरा. बांधायला सपाट पाट हवा, त्यासाठी फ्लश डोअरसारखी स्वस्त आणि सरळ वस्तू नाही. निम्मा पंख त्यावर आरामात बसतो.

लाकूड. ३ मिमी जाडीची, १०० मिमी रुंद, एक मीटर लांब बाल्साची (अतिशय हलक्या लाकडाची) शीट ३० ग्रॅमची निघते, तशी ४८ ग्रॅमचीही निघते. आल्या आल्या सगळ्या शीट काट्यावर ठेवून पेन्सिलीनं वजन लिहा. हलक्या शेपटीला, जड पुढे. कबचं नाक आखूड आहे, त्यामुळे शेपटीतला एक ग्रॅम नाकात जवळजवळ तीन ग्रॅम मागतो. शेपटीचा सर्व्हो (रेडिओच्या इशाऱ्यावर फिरणारी छोटी मोटर) मागे बसवायचा मोह टाळा. तो केबिनमध्ये ठेवून रडर-एलिव्हेटरला (शेपटीच्या उभ्या-आडव्या हलत्या पट्ट्यांना) दोन्हीकडून ओढणाऱ्या पुल-पुल तारा ओढल्या, तर नाकात शिसं भरावं लागत नाही. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी (तोलाचा बिंदू) पंखाच्या पुढच्या कडेपासून ११० मिमीवर ठेवली आहे. ती तिथेच राहू द्या.

स्पारसाठी (पंखाच्या लांब कण्यासाठी) प्लॅन स्प्रूसचं लाकूड सांगतो. इथे टिंबर मार्केटात बिनगाठीचं पाइन निवडून सॉ मिलवर पट्ट्या पाडून घेता येतात. लाकडाची रेषा कडेनं बाहेर पळत असेल तर पट्टी बाजूला टाका. दोन टेकूंमध्ये ६०० मिमी अंतर ठेवून मधोमध एक किलो टांगा आणि वाक मोजा. वाक सारखा असलेल्या पट्ट्यांची जोडी डाव्या-उजव्या पंखाला वाटा. लाँजेरॉनलाही (धडाच्या लांब पट्ट्यांनाही) हीच परीक्षा. एक बाजू मऊ आणि दुसरी ताठ असली, की फ्यूजलाज (विमानाचं धड) केळ्यासारखं वाकतं आणि मग कितीही गुण्या लावला तरी सरळ होत नाही.

फायरवॉल (इंजिन बसवायची पुढची भिंत) ६ मिमी बर्च प्लायची. साध्या प्लायच्या पोटात पोकळ्या असतात, कापल्यावर कडेला दिसतात. तिथे इंजिनाचा बोल्ट आला, की वॉशर हळूहळू आत रुततो. जोड चोवीस तासांत सुकणाऱ्या इपॉक्सीनंच द्या. पाच मिनिटांचं इपॉक्सी उष्णतेनं मऊ पडतं. स्टँडऑफ (इंजिन पुढे धरणारे छोटे खांब) आणि चाकांचे अ‍ॅक्सल उद्यमनगरात लेथवर करून मिळतात. एक कागद आणि मापं एवढंच न्यायचं, पण टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लिहून द्या, नाहीतर टर्नर आपल्या अंदाजानं सैल ठेवतो.

आता पीळ. पावसाळ्यात बांधलेला पंख नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत थोडा तरी फिरतोच. इथे कबची रचना आपल्या मदतीला येते. स्ट्रट (धडापासून पंखाला दिलेले तिरके टेकू) शोभेचे नाहीत, भार घेतात. मागच्या स्ट्रटच्या टोकाला एम४ चा (४ मिमी आट्यांचा) फोर्क दिला, तर एका आट्याला ०.७ मिमी मिळते. पंखाच्या टोकाला २ अंश वॉशआउट हवा, म्हणजे मागची कड १४ मिमी वर. पंखात तो बांधून टाकण्यापेक्षा स्ट्रटनं लावा आणि ऋतू बदलला की पुन्हा मोजा. डाव्या-उजव्यात ३ मिमी फरक पडला, तरी उतरताना वेग कमी होताच एक पंख खाली जातो. स्ट्रट न लावता, ‘एकच फेरी मारू’ म्हणून उडवायचं नाही.

उडण्याविषयी फार सांगण्यासारखं नाही. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर २५ मिमी, खाली १२ मिमी. वळण मात्र रडरनंच सुरू करावं लागतं, नुसत्या एलेरॉननं नाक उलट दिशेला जातं. १६×८ पेक्षा १७×६ (इंचांत व्यास × पिच) प्रॉपेलर या मंद, हवेला अडणाऱ्या विमानाला जास्त मानवतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, त्यात मेची दुपार असेल तर धाव थोडी लांबते. मुरमाड माळावर टॅक्सी करताना एलिव्हेटर पूर्ण वर धरा, नाहीतर विमान नाकावर उभं राहतं आणि प्रॉपेलर जातो. जागा शोधताना उजळाईवाडी विमानतळापासून अंतर मोजा. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे, त्याच्या आत परवानगी लागते.

झीज कुठे झाली? मफलरचे बोल्ट दहाव्या उड्डाणाला ढिले पडले. लाल थ्रेडलॉकही (आट्यांत लावायचा गोंद) इथे पुरत नाही, उष्णतेनं सुटतं, वायरनं बांधावे लागतात. टाकीतली नळी सिलिकॉनची होती. पेट्रोलमध्ये ती फुगली आणि क्लंकवरून (टाकीत नळीच्या टोकाला असणाऱ्या वजनावरून) निसटली. टायगॉनची (पेट्रोल सोसणारी) नळी लावा. ऊन्हात गाडीत ठेवल्यानं पंखावर इस्त्रीनं चिकटवलेली प्लॅस्टिकची फिल्म सैल पडली, पुन्हा इस्त्री फिरवली. हे टाळायचं असेल तर पॉलिस्टर कापड लावा. जड होतं, पण फाटत नाही.

पेट्रोलमध्ये ऑइल ३२:१. पंपावरच्या ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि कार्ब्युरेटरचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) कडक करतं, म्हणून उडवून झाल्यावर टाकी उपसा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. जूनपासून विमान टांगणीला जातं तेव्हा पंख भिंतीला टेकवू नका. दोन पट्ट्यांवर आडवे टांगा, पट्ट्या स्पारच्या खाली येतील अशा.