झूलची '1938ची' दुनळी: 1,900 युरोंची फसवणूक

ओळखीतले दोघेजण जुनी जर्मन दुनळी (दोन नळ्यांची बंदूक) शोधताहेत असं कळलं, म्हणून हे लिहितोय.

मी श्टुटगार्टजवळ राहतो. कणकवलीकडे आमच्या आजोबांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोरची दुनळी होती. नळ्या पुसायच्या तेलाचा वास अजून आठवतो. त्यामुळे इथे शिकारीचा परवाना मिळाल्यावर मला दुनळीच हवी होती, आणि तीही झूलची. थुरिंगियातलं झूल म्हणजे जर्मन बंदुकांचं माहेर. झाउअर, मेर्केल, सिम्सोन सगळे मूळचे तिथले. युद्धानंतर गाव रशियनांच्या ताब्यात गेलं, झाउअर कंपनी पश्चिमेला एकर्नफोर्डेला गेली आणि मागे राहिलेले कारखाने पूर्व जर्मन सरकारचे झाले.

विकणारा सत्तरीचा, बोलायला गोड. "वडिलांची आहे, 1938ची. 45 साली अमेरिकन आले तेव्हा धान्याच्या कोठीत लपवली होती." किंमत 1,900 युरो. बंदूक मोडून त्याने नळ्यांच्या बुडाचे मुकुटाचे छाप (बंदुकीच्या चाचणीनंतर उठवतात ते) लांबूनच दाखवले. "कम्युनिस्ट कशाला मुकुट उठवतील?" मला ते पटलं. तेवढ्यात त्याच्या बायकोने कॉफी आणि प्लमचा केक आणून ठेवला. त्यांच्या बैठकीत बसून बंदूक सुटी करायला मागणं मला उद्धटपणाचं वाटलं. ती भीड मला महागात पडली.

पुढच्या आठवड्यात बंदूक-कारागिराने पुढचं लाकूड काढलं, नळ्या उतरवल्या, बूड फडक्याने पुसलं आणि भिंग लावलं. एका जागी पोलादाचा रंग उजळ होता. कोणीतरी बारीक पॉलिश पेपर फिरवला होता. तिरप्या उजेडात आकडे उमटले: 8 57. ऑगस्ट 1957.

हे नीट लक्षात ठेवा. झूलच्या परीक्षणगृहाने (तिथे चाचणी घेऊन छाप उठवतात) 1950 ते 1974 या काळात जुनेच मुकुटाचे छाप पुन्हा वापरले. म्हणून नुसता मुकुट बघून काळ ठरवू नका, महिना-वर्षाचा आकडा शोधा. पश्चिम जर्मनीत 1952पासून आकड्यांऐवजी अक्षरं आली: ए म्हणजे 0, बी म्हणजे 1, असं करत के म्हणजे 9, मधलं जे वगळून. 'जीएफ' दिसलं तर 1965.

दुसरा घाव त्याहून मोठा होता. बुडाशी मुकुटाखाली डब्ल्यू होता, म्हणजे मुळात नळी तोंडाशी आवळलेली, जरा अरुंद केलेली (चोक). मापलं तर आवळ शून्य! दोन्ही नळ्यांची तोंडं एकमेकींना चिकटलेली असायला हवीत. माझ्या बंदुकीत मधे रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढी फट होती, डाग देऊन भरलेली आणि वरून काळी केलेली. नळ्या 66 सेंटीमीटर भरल्या. त्या वेळी 71 सर्रास असायच्या. "रानासाठी मुद्दाम आखूड करून घेतलेली," असं विकणारा म्हणाला होता. खरं तर पुढचा खराब भाग कापून टाकला होता.

पूर्व जर्मन माल वाईट असतो असं मुळीच नाही. मेर्केलची 147ई ही दुनळी हातात घेऊन बघा, काम कळेल. पण कापलेल्या नळ्यांच्या माझ्या बंदुकीचे कारागिराने 350 युरो सांगितले, तेही दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड चांगलं म्हणून.

करारावर लिहिलंय: खाजगी विक्री, हमी नाही. जाहिरातीत फक्त 'झूलची जुनी दुनळी'. वकीलबाई म्हणाल्या, जाणूनबुजून दोष लपवला असेल तर जर्मन कायद्यात ती अट टिकत नाही, आणि फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत व्यवहार रद्द करता येतो. पण सिद्ध आपण करायचं. सुदैवाने सौद्याच्या आदल्या रात्री मी व्हॉट्सॲपवर साल विचारलं होतं आणि त्याचं उत्तर आलं होतं: "1938, खात्रीने." आमच्या हातात तेवढी एकच ओळ आहे. रजिस्टर्ड पत्र मागच्या सोमवारी गेलं. पोच आली, उत्तर अजून नाही.