हानावर आठ महिने: न मागता मिळणारा क्रम

गेल्या दिवाळीत आमच्या चाकणच्या कारखान्यातलं ईसीसी ६.० (स्टॉक, डिस्पॅच, अकाउंट्स सगळं सांभाळणारं एसएपीचं जुनं सॉफ्टवेअर) ओरॅकल डेटाबेसवरून एसएपी हानावर, म्हणजे एसएपीच्याच मेमरीत चालणाऱ्या डेटाबेसवर, हलवलं. लक्ष्मीपूजनाला व्यापारी वह्यांची पूजा करतात, आम्ही त्याच रात्री सगळ्या वह्या उचलून दुसऱ्या घरात नेत होतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी सुरू व्हायच्या आत सिस्टिम वर यायला हवी होती, आणि आली. त्याला आता आठ महिने झाले. मी इथे चौदा वर्षं एबॅप, म्हणजे एसएपीची प्रोग्रामिंगची भाषा, लिहितोय, म्हणजे जो जुना कोड नव्या डेटाबेसवर चालवायचा होता त्यातला बराचसा माझ्याच हातचा. खाली ज्या भानगडी सांगतोय त्यातल्या निम्म्या तरी माझ्या आहेत, हे आधीच कबूल करून टाकतो.

प्रत्यक्ष हलवण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तो भाग अपेक्षेपेक्षा सरळ गेला. सॉफ्टवेअर अपडेट मॅनेजरमधला डीएमओ हा पर्याय वापरला. त्यात अपग्रेड आणि डेटाबेस बदल एकाच वेळी होतात, आणि जुना डेटाबेस तसाच शाबूत राहतो, म्हणजे वेळ आलीच तर परत फिरता येतं. सँडबॉक्सवर, म्हणजे चाचणीच्या वेगळ्या सिस्टिमवर, तीन रंगीत तालमी केल्या. ओरॅकलमध्ये १.९ टीबी होतं, ते हानात ५६० जीबीच्या आसपास बसलं. इंडेक्स गेले, कॉम्प्रेशन मिळालं. मॅनेजमेंटला हा आकडा फार आवडला. आठ महिन्यांत त्यांनी तो किती मीटिंगांत सांगितला असेल!

आता सगळे विचारतात तो प्रश्न. फास्ट झालं का?

काही गोष्टी इतक्या फास्ट झाल्या की पहिल्या आठवड्यात लोकांना शंका आली. स्टॉक एजिंगचा, म्हणजे कोणता माल किती जुना याचा, रिपोर्ट ४० मिनिटं चालायचा. स्टोअरचे काका एफ८ दाबून चहाला जायचे. हानावर तो दोन मिनिटांत आला, तर काकांचा फोन: "अरे, अर्धाच आलाय बहुतेक, जरा बघ." बघितलं, पुरा होता. बेरजाही जुळल्या.

हे का होतं ते मी काकांना आहेराच्या वहीवरून समजावलं. लग्नातल्या वहीत नाव, गाव, रक्कम असं ओळीने लिहितात. एकूण आहेर किती आला हे काढायचं तर प्रत्येक ओळीवरून जावं लागतं आणि नको असलेली नावं-गावंही डोळ्यांखालून जातात. समजा नावांची वही वेगळी, गावांची वेगळी, रकमांची वेगळी ठेवली, तर बेरजेला फक्त तिसरी वही उघडायची. शिवाय गावांच्या वहीत दोनशे वेळा 'सांगली' लिहायची गरज नाही. सांगलीला एक नंबर द्यायचा आणि पुढे नंबरच लिहायचा. कॉलम स्टोअर आणि डिक्शनरी एन्कोडिंग म्हणतात ते एवढंच, आणि हे सगळं डिस्कवर नाही, मेमरीत. काकांना पटलं. मग त्यांनीच खरा मुद्दा काढला: "आणि एका माणसाची पूर्ण ओळ हवी असेल तर? तिन्ही वह्या उघडायला लागणार की!"

हाच प्रॉब्लेम आमच्या डिस्पॅच रिपोर्टचा. तो ओरॅकलवर १२ मिनिटं घ्यायचा, हानावर १४ घ्यायला लागला. मायग्रेशन करून देणाऱ्या कंपनीने प्रेझेंटेशनमध्ये छातीठोकपणे सांगितलं होतं की कोडला हात लावायची गरज नाही, सगळं आपोआप पळेल. रिपोर्ट उघडून पाहिला. आत एक लूप, लूपच्या आत एमएसईजीवर (मालाच्या हालचालींची टेबल) सिलेक्ट स्टार, म्हणजे सगळे कॉलम मागणारी क्वेरी, एका ओळीसाठी शे-दोनशे कॉलम गोळा करायचे, त्यातले वापरायचे पाच, आणि हे प्रत्येक डिलिव्हरीला पुन्हा. डेटाबेस कितीही वेगवान असला तरी अॅप्लिकेशन सर्व्हरकडून (जिथे एबॅप चालतं ते मशीन) त्याच्याकडे हजारो चकरा मारायच्या म्हटल्यावर वेळ जाणारच. ठाण्याहून पुण्याला एकेक वीट आणायची तर गाडी मर्सिडीज असून काय उपयोग? तो रिपोर्ट मी दोन दिवस बसून पुन्हा लिहिला: टेबल जोडणं (जॉइन) आणि बेरीज सीडीएस व्ह्यूमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या आतच, एबॅपमध्ये फक्त दाखवणं. आता २० सेकंदांच्या आत येतो. पण हे लक्षात घ्या, पुन्हा लिहिल्यावर. आणि खरं सांगायचं तर नुसता जॉइन नीट लिहिला असता तर ओरॅकलवरही तो बराच सुधारला असता.

कोणता कोड आधी हातात घ्यायचा हे ठरवायला एसक्यूएल मॉनिटर फार कामाचा. एसक्यूएलएम ट्रान्झॅक्शनमधून प्रॉडक्शनवर चालू ठेवला की कोणत्या प्रोग्राममधली कोणती सिलेक्ट दिवसातून किती वेळा आणि किती वेळ चालते ते दिसतं. त्याआधी एससीएमओएन या दुसऱ्या ट्रान्झॅक्शनने कोणता प्रोग्राम वापरला जातो याचा हिशेब घेतला होता. आमचे दोन हजारांवर झेड प्रोग्राम, म्हणजे एसएपीचे नव्हे तर आम्ही स्वतः लिहिलेले, त्यातले जवळजवळ निम्मे वर्षभरात एकदाही चालले नव्हते. त्यात 'झेड टेस्ट फायनल २' नावाचा एक होता. लिहिणारा नोकरी सोडून गेला त्यालाही आता दहा वर्षं झाली. सगळे काढून टाकले. अख्ख्या प्रोजेक्टमधला सर्वांत समाधानाचा दिवस तो.

आता जानेवारीची गोष्ट.

ऑक्टोबर ते डिसेंबर तिमाहीचं टीडीएसचं रिटर्न, २६क्यू फॉर्मचं, ३१ जानेवारीपर्यंत भरायचं होतं. आमच्याकडे जॉबवर्कवाले खूप, १९४सी या कंत्राटदारांच्या कलमाखाली कापलेल्या टीडीएसची यादी एका झेड रिपोर्टमधून निघायची. अकाउंट्सच्या मॅडम २७ तारखेला यादी घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. कर भरल्याच्या चलनाची रक्कम आणि यादीची बेरीज जुळत नव्हती. अकरा पार्ट्या यादीतच नव्हत्या. एरर नाही, डंप (प्रोग्राम मधेच कोसळणं) नाही, लाल दिवा नाही. रिपोर्ट निवांत चालला आणि अकरा जणांना गाळून मोकळा झाला. मॅडम म्हणाल्या, "चलन मी हाताने लावलं म्हणून कळलं. नाहीतर तुमच्या रिपोर्टच्या भरवशावर असंच भरलं असतं."

कारण सापडायला दीड दिवस गेला. प्रोग्राम बीएसईजी या अकाउंट्सच्या नोंदींच्या टेबलमधून नोंदी उचलतो, त्या तशाच दुसऱ्या फंक्शनला देतो, आणि ते फंक्शन त्यात बायनरी सर्चने शोधतं. बायनरी सर्च यादी दर वेळी मधोमध तोडत शोधतो, म्हणून त्याला ती क्रमाने लावलेली लागते. क्रम लावायची ओळ कुठेच नव्हती. मग इतकी वर्षं चाललं कसं? ओरॅकलवर बीएसईजी ही क्लस्टर टेबल होती, म्हणजे अनेक ओळी एकत्र बांधून ठेवणारी, आणि तिच्यातून ओळी प्रायमरी कीच्या (ओळीची मुख्य ओळख) क्रमाने यायच्या. कुणी मागितलं नव्हतं, पण मिळत होतं. हानावर क्लस्टर टेबल साध्या, ट्रान्स्परंट झाल्या आणि ऑर्डर बाय (क्रम मागणारी ओळ) लिहिलं नसेल तर ओळी कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. डेटाबेसने तसं वचन कधी दिलंच नव्हतं. रोजचा दूधवाला दारात पिशवी अडकवून जातो, म्हणून आपण ते गृहीत धरतो. दूधवाला बदलल्यावर कळतं, आपण त्याला सांगितलं कधीच नव्हतं.

टेस्टिंगमध्ये हे का सापडलं नाही? कारण टेस्ट सिस्टिमवर डेटा थोडा, आणि तिथे ओळी योगायोगाने क्रमानेच येत होत्या. प्रॉडक्शनवर, म्हणजे रोजच्या खऱ्या सिस्टिमवर, नव्या नोंदी आधी डेल्टा स्टोअर या वेगळ्या साठ्यात पडतात, मग मर्ज होऊन मुख्य साठ्यात जातात, मोठ्या टेबल अनेक समांतर वाटांनी एकदम वाचल्या जातात. क्रम कधी जुळायचा, कधी नाही. नोव्हेंबरमध्ये हाच रिपोर्ट बरोबर आला होता, ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट.

आम्ही कोड तपासला नव्हता असंही नाही. एसएपीच्या १९१२४४५ या नोटमध्ये सांगितलेली फंक्शनल डीबी ही तपासणी चालवली होती, साडेतीनशेवर इशारे आले, एकूण एक दुरुस्त केले. पण ती तपासणी कोड वाचते, चालवत नाही. टेबल एका फंक्शनमधून दुसऱ्यात गेली की तिची नजर हरवते, आणि आमचं नेमकं तिथेच होतं. एसआरटीसीएम नावाचा रनटाइम चेक मॉनिटर आहे, तो प्रोग्राम प्रत्यक्ष चालताना अशा जागा पकडतो. तो मला जानेवारीनंतर कळला. तुम्ही हलणार असाल तर हलायच्या आधी, जुन्या सिस्टिमच्या प्रॉडक्शनवर, निदान एक महिनाअखेर आणि एक तिमाहीअखेर तो चालू ठेवा. तिमाहीतून एकदा चालणारे रिपोर्ट तालमीत कुणालाच आठवत नाहीत.

त्याच मॉनिटरने आणखी एक जुनं दुखणं दाखवलं. फॉर ऑल एंट्रीज म्हणजे एका यादीतल्या नोंदींपुरत्याच ओळी मागायची एबॅपची सोय. तिला रिकामी टेबल दिली की अट गळून पडते आणि सगळ्याच्या सगळ्या ओळी येतात. ओरॅकलवर असा रिपोर्ट रेंगाळायचा, कुणीतरी कंटाळून बंद करायचं. हानाने मात्र काम चोख केलं. सगळ्या ओळी झपाट्याने आणून अॅप्लिकेशन सर्व्हरच्या पुढ्यात ओतल्या आणि त्याने मेमरी संपली म्हणून डंप टाकला.

लाइट गेली तर सगळं पुसलं जाईल का, हा प्रश्न आम्हाला प्लांट हेडपासून सिक्युरिटीपर्यंत सगळ्यांनी विचारला. चाकणला गुरुवारी लाइट जाते, तेव्हा शंका रास्तच. पण काही पुसलं जात नाही. नोंद पक्की (कमिट) झाली की लॉग डिस्कवर लिहिला जातो, आणि दर पाच मिनिटांनी सेव्हपॉइंट होतो, म्हणजे मेमरीतले बदल डिस्कवर उतरतात. आमचा यूपीएस एकदा दगा देऊन बसला, सर्व्हर खाली गेला, वर आल्यावर एकही नोंद कमी नव्हती. त्रास वेगळाच झाला. रीस्टार्टनंतर कॉलम लागतील तसे मेमरीत चढतात, त्यामुळे पहिला तास-दीड तास लोक "पूर्वीचं बरं होतं" म्हणत होते. आता देखभालीनंतर मोठे रिपोर्ट आम्हीच आधी एकदा चालवून घेतो.

मेमरीची काटकसर मात्र शिकावी लागते. अर्धी डेटाला, अर्धी कामाला असा ढोबळ हिशेब असतो. मार्चअखेरीला कुणीतरी तारीख न घालता मोठी क्वेरी सोडली आणि कामाची अर्धी तिने एकटीने गिळली. बाकीच्यांचे रिपोर्ट पडायला लागले. तेव्हापासून स्टेटमेंट मेमरी लिमिट, म्हणजे एका क्वेरीला किती मेमरी याची मर्यादा, लावून ठेवलंय. ते पहिल्याच दिवशी लावायला हवं होतं.

हे करावं का? एस/४हानाला, म्हणजे ईसीसीच्या जागी येणाऱ्या एसएपीच्या नव्या सॉफ्टवेअरला, जाणारच असाल आणि तेही वर्ष-दीड वर्षात, तर मधली ही पायरी घेऊ नका, खर्च दोनदा होईल. ईसीसीच्या नव्या आवृत्त्यांचा मुख्य मेंटेनन्स २०२७अखेर संपतो, जादा पैसे भरून २०३०पर्यंत नेता येतो, तेव्हा जायचं तर सगळ्यांनाच आहे. आमचा झेड कोड इतका होता की डेटाबेस आणि एस/४चे बदल एकदम अंगावर घेतले असते तर जानेवारीतला तो दोष कुठून आला हे शोधायला दीड दिवस नाही, दीड महिना लागला असता. आमच्यासाठी पायरी घेतली ते बरं झालं. कोड कमी असलेल्यांनी थेट जावं.

सध्याचं भांडण वेगळंच आहे. ५६० जीबीचे ६४० झालेत. सर्व्हर दीड टीबीचा, म्हणजे साडेसातशेला पोचलो की मेमरी वाढवा किंवा जुना डेटा आर्काइव्ह करा. या वेगाने पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पोचतो. ओरॅकलवर डिस्क स्वस्त होती, तेव्हा २०११ची मटेरियल डॉक्युमेंट्स (माल आल्या-गेल्याच्या नोंदी) पडून राहिली तरी कुणाचं काही जात नव्हतं. आता ती महागड्या जागेत बसलीत. प्रत्येक खात्याला यादी पाठवली, काय काढू म्हणून. पाचही खात्यांचं उत्तर एकच आलं: "राहू द्या, लागेल कधीतरी." पुढच्या मीटिंगला मी मेमरीचं कोटेशन घेऊन जाणार आहे.