‘अननोन डिव्हाइस’: ड्रायव्हर घरीच टाकावा की तापकीर गल्ली गाठावी?

विंडोज नव्याने टाकल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या उपकरणांच्या यादीत, ‘अननोन डिव्हाइस’ या नोंदीवर पिवळा त्रिकोण दिसला, तरी लगेच सीपीयू रिक्षात घालून पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांकडे निघू नका. आधी त्या नोंदीवर डबल क्लिक करून एरर कोड वाचा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर, म्हणजे उपकरण विंडोजला चालवता यावं म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर, टाकलेलाच नाही. हे काम घरबसल्या, फुकटात होतं. कोड ४३ म्हणजे बिघाड आल्याचं उपकरणानेच विंडोजला कळवलंय. तेव्हा केबल आणि पोर्ट बदलून बघा. तरीही तोच कोड आला, तर दुकानात दाखवणं योग्य.

ड्रायव्हर मिळवायचा सगळ्यात सोपा मार्ग विंडोज अपडेटचा. मात्र ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्ये आत जाऊन बघावं लागतं, अनेकजण तिथपर्यंत पोचतच नाहीत. वायफायचाच ड्रायव्हर नसेल, तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करा, म्हणजे फोनचं इंटरनेट कॉम्प्युटरला मिळेल.

लॅपटॉपसाठी मी कंपनीच्या सपोर्ट साइटलाच पहिली पसंती देईन. मागच्या बाजूचा सीरियल नंबर टाकला की नेमक्या मॉडेलचे ड्रायव्हर समोर येतात. त्यातला चिपसेटचा, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचा, आधी टाका. ‘एसएम बस कंट्रोलर’सारख्या नोंदी बहुधा त्यानेच मिटतात.

असेंबल्ड पीसीला, म्हणजे सुटे भाग जोडून बनवलेल्या कॉम्प्युटरला, अशी एकच कंपनी नसते. मदरबोर्डचं मॉडेल माहीत असेल तर त्याची साइट बघा, नाहीतर हार्डवेअर आयडीचा आधार घ्या. प्रॉपर्टीजच्या ‘डीटेल्स’ टॅबमध्ये ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. ‘व्हीईएन’ या अक्षरांपुढे ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक, १०डीई असेल तर एनव्हिडिया. तोच आयडी मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगमध्ये शोधा. मिळालेली कॅब फाइल (झिपसारखी दाबून बांधलेली) एका फोल्डरमध्ये उघडून ठेवा आणि ‘अपडेट ड्रायव्हर’मधून विंडोजला तो फोल्डर दाखवा. थोडी खटपट आहे, पण निर्माता कोण हे एकदा कळलं की अंदाजाने चार ड्रायव्हर टाकून बघायची वेळ येत नाही.

एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर टाकून देणारी तयार सॉफ्टवेअर कळकळीने सांगतो, टाळा. चालू असलेला ड्रायव्हर बदलून भलताच बसण्याचा धोका असतो, शिवाय नको ती सॉफ्टवेअर सोबत येतात.

दुकानात जायचंच ठरलं, तर एरर कोड आणि हार्डवेअर आयडीचा फोटो फोनमध्ये ठेवा, डेटाचा बॅकअप घ्या आणि ‘फॉरमॅट मारू नका, फक्त ड्रायव्हर टाका’ असं आधीच स्पष्ट सांगा.