लसींचं कार्ड सापडत नाही: शोधायचं, रक्त तपासायचं की पुन्हा टोचायचं?

"अहो, सगळ्या लसी झाल्यात त्याच्या. कार्ड तेवढं पुण्याला राहिलं." ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात हे वाक्य मी दिवसातून दोनदा तरी ऐकते. न्यू जर्सीतल्या एका शाळेत मी नर्स आहे, आणि आडनाव मराठी असल्यामुळे आपली मंडळी माझ्याशी जरा हक्कानं बोलतात. झाल्यात म्हणतात तर झाल्याच असणार, यात मला शंका नसते. पण शाळेला तोंडी सांगणं चालत नाही. कोणती लस कोणत्या तारखेला दिली, हे लिहिलेला कागद लागतो. तो नसेल तर लस झालेली नाही असंच धरायचं, हा इथला नियम.

परदेशातून किंवा दुसऱ्या राज्यातून आलेल्या मुलाला न्यू जर्सीत जुने कागद जमवायला ३० दिवस मिळू शकतात. या ३० दिवसांत काय करायचं, हा खरा प्रश्न. पर्याय तीन: कागद शोधणं, प्रतिकारशक्ती आहे का हे बघणारी रक्ताची तपासणी (इथे सगळे 'टायटर' म्हणतात) आणि सरळ पुन्हा लस. बहुतेक पालक पहिल्याच दिवशी टायटरवर उडी मारतात. माझ्या मते तो पर्याय सगळ्यात शेवटचा.

कागद शोधायला सुरुवात अमेरिकेतूनच करा, आधी इथे कुठे राहिला असाल तर. साऱ्या देशाची मिळून एक नोंदवही नाही, प्रत्येक राज्याची वेगळी. आमची एनजेआयआयएस, कॅलिफोर्नियाची केअर, न्यू यॉर्क शहराची एक आणि उरलेल्या न्यू यॉर्क राज्याची दुसरी. टेक्सासच्या इमट्रॅक२ मध्ये पालकांनी संमती दिली असेल तरच नोंद राहते, त्यामुळे डॅलसहून आलेल्या मुलाचं नाव तिथे नसलं तर घाबरू नका, जुन्या डॉक्टरांना विचारा. न्यू जर्सीची नोंद पालकांना 'डॉकेट' ॲपवर स्वतःही बघता येते.

"नोंद सापडली नाही" असं उत्तर आलं की आधी नावाचा घोळ तपासा. आपल्या नावात मधे वडिलांचं नाव असतं. एखादा दवाखाना ते मधलं नाव म्हणून लिहितो, दुसरा पहिल्या नावाला चिकटवतो, तिसरा गाळून टाकतो. जन्मतारखेची तीच गत. आपला ०५/०८ म्हणजे ५ ऑगस्ट, इथे तो ८ मे होतो. मी स्वतः शोधते तेव्हा तारीख उलटी घालून एकदा बघतेच, आणि कितीतरी 'हरवलेली' मुलं तिथेच सापडतात.

आधीची शाळा अमेरिकेतलीच असेल तर काम सोपं. मूल नव्या शाळेत दाखल होत असलं की शिक्षणविषयक नोंदींच्या कायद्यानुसार जुनी शाळा पालकांच्या वेगळ्या सहीशिवाय लसींची नोंद नव्या शाळेला पाठवू शकते. मी तिथल्या नर्सला फोन करते, दुपारपर्यंत फॅक्स येतो. (हो, फॅक्स. अमेरिकेत तो अजून जिवंत आहे.) डॉक्टरांकडून मागवायचं तरी जिथे कायद्यानं शाळेला हा पुरावा लागतो तिथे २०१३ पासून पालकांची तोंडी संमती पुरते. काउंटरवरची बाई तरीही सहीचा फॉर्म मागेल. वाद न घालता सही करून टाकावी, वेळ वाचतो.

ग्रीन कार्डवर आलेल्यांच्या हाताशी एक कागद असतो आणि तो कुणाला आठवत नाही. भारतात व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत डीएस-३०२५ नावाच्या फॉर्मवर लसींच्या तारखा भरलेल्या असतात. त्याची प्रत फाइलमध्ये शोधा. एच-४ वर (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसासोबत मिळणाऱ्या कुटुंबाच्या व्हिसावर) आलेल्या मुलांची अशी तपासणी होत नाही, त्यांना भारतातल्या कार्डाशिवाय गत्यंतर नाही.

भारतातून मागवताना बालरोगतज्ज्ञ खासगी असतील तर त्यांच्या रजिस्टरवरून लेटरहेडवर नवा दाखला मिळतो. मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, प्रत्येक डोसची तारीख, सही, शिक्का एवढं हवं, आणि महिना अक्षरात लिहायला सांगा. सरकारी लसीकरण असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड. ते नसेल तर ज्या उपकेंद्रात लस दिली तिथल्या सिस्टरच्या नोंदवहीत बघायला मामा-काकांपैकी कुणाला तरी पाठवा. यू-विन या भारत सरकारच्या लसीकरण पोर्टलवर ऑनलाइन प्रमाणपत्र मिळतं ते अलीकडे जन्मलेल्यांना, शाळेत जाणाऱ्या मोठ्या मुलाचं तिथे काही मिळेल अशी आशा धरू नका. आठवून आठवून बनवलेलं कार्ड मात्र पाठवू नका. पाच वर्षांच्या नोंदी, प्रत्येक डोस नेमका ठरलेल्या दिवशी, आणि खाली कुठल्या रजिस्टरवरून उतरवलं याचा पत्ताच नाही, असं कार्ड आलं की मला त्या दवाखान्यात फोन लावावाच लागतो.

कार्ड मिळालं की सगळं सुटलं असंही नाही. भारतातलं पूर्ण झालेलं कार्ड इथे अपुरं ठरतं, त्यात ना तिथल्या डॉक्टरांची चूक ना तुमची. सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस देतात, तीत गालगुंड नाही. तिचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर असतो, आणि पहिल्या वाढदिवसाआधीचा गोवराचा डोस अमेरिका मोजत नाही. कांजिण्यांची लस सरकारी यादीत नाही. १ एप्रिल २०१६ नंतर तोंडाने दिलेले पोलिओचे थेंब इथे धरत नाहीत, कारण त्यानंतरच्या लसीत तीनपैकी दोनच प्रकारचे विषाणू असतात. म्हणजे आज प्राथमिक शाळेत असलेल्या आपल्या मुलांनी पल्स पोलिओच्या बूथवर जाऊन करंगळीला कितीही वेळा शाई लावून घेतली असली तरी इथे त्या थेंबांची किंमत शून्य. कावीळ ब चा शेवटचा डोस आपल्याकडे बहुधा १४ आठवड्यांना होतो, अमेरिकी वेळापत्रकात तो २४ आठवड्यांच्या आत चालत नाही. त्यामुळे कार्ड हाती आलं तरी एक-दोन टोचण्या होतीलच, याची तयारी ठेवा. पालक नाराज होतात ते इथेच. त्यांची नाराजी मला कळते.

मग कार्डासाठी एवढी धडपड कशाला? मुख्यतः त्रिगुणीसाठी. धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला यांचे भारतातले पाचही डोस इथे सहसा मोजले जातात. कार्ड नसेल तर सात वर्षांवरच्या मुलाला तीन डोसची मालिका नव्यानं सुरू करावी लागते आणि ती संपायला निदान सात महिने जातात. शिवाय धनुर्वाताचे डोस गरजेपेक्षा जास्त झाले तर दंड चांगलाच सुजू शकतो. गोवर-गालगुंड-रुबेलाचं तसं नाही, एखादा डोस जादा झाल्यानं काही बिघडत नाही.

आता टायटर. न्यू जर्सीत गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या आणि कावीळ ब यांच्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल चालतो. पोलिओ आणि डांग्या खोकल्यासाठी त्याचा उपयोग नाही. म्हणजे सगळे टायटर केले तरी निम्मा प्रश्न तसाच राहतो. विम्यात लस बहुधा फुकट असते, टायटरचं बिल मात्र घरी येऊ शकतं. आणि "मुलाला सुई नको म्हणून टायटर" असं सांगणाऱ्यांचं मला नवल वाटतं. रक्त काढायला काय पिसानं गुदगुल्या करतात?

त्यात कांजिण्यांची नेहमीची तपासणी लसीमुळे आलेली प्रतिकारशक्ती बरेचदा पकडतच नाही. अहवाल 'निगेटिव्ह' येतो आणि दोन डोस घेतलेल्या मुलाचे आईबाप हवालदिल होतात. कागदावर दोन डोस असतील तर तो कागद अहवालापेक्षा वरचढ, तेव्हा टायटरच्या वाटेला जायचंच नाही. मी टायटर सुचवते ते दोन प्रसंगी. मुलाला लहानपणी खरोखर कांजिण्या येऊन गेल्या असतील तेव्हा, किंवा एखाद्या आजारामुळे वा औषधामुळे जिवंत विषाणूची लस त्याला देता येत नसेल तेव्हा.

पुन्हा लस देणं हा वेळेच्या दृष्टीनं सर्वात खात्रीचा मार्ग. एकाच भेटीत तीन-चार लसी देता येतात. प्रत्येक सक्तीच्या लसीचा एक डोस झाला की उरलेल्या वेळापत्रकानुसार पूर्ण करण्याच्या अटीवर मूल वर्गात बसतं. गोवर आणि कांजिण्यांच्या लसी एकाच दिवशी घ्या, नाहीतर मधे २८ दिवस थांबावं लागतं. टीबीची तपासणीही मागितली असेल तर ती त्याच दिवशी उरकावी, नाहीतर गोवराच्या लसीनंतर चार आठवडे थांबावं. विमा नसेल तर १९ वर्षांखालच्यांसाठी सरकारी मोफत लस योजना १९९४ पासून आहे. ती कोणत्या दवाखान्यात चालते हे आम्हा नर्सना विचारा, लाजू नका. राहायला घर नसलेल्या मुलांचा प्रश्न वेगळा: संघराज्याच्या कायद्यानं त्यांना कागद नसले तरी लगेच वर्गात घ्यावं लागतं.

राहिली धार्मिक सूट. न्यू जर्सीत ती मिळते, कॅलिफोर्नियात २०१६ पासून आणि न्यू यॉर्कमध्ये २०१९ पासून नाही. कार्ड हरवलं म्हणून ती मागायला येणाऱ्यांना मी एवढंच सांगते की शाळेत गोवराचा रुग्ण निघाला तर तुमचं मूल २१ दिवस घरी बसेल.

तेव्हा ठरवताना माझा हिशोब असा. मूल बालवाडीत किंवा पहिलीत असेल तर एक आठवडा कार्डासाठी द्या. तोपर्यंत नाही आलं तर लसी सुरू करा, कार्ड मागाहून आलं तर डॉक्टर उरलेले डोस कमी करतील. मूल सातवी-आठवीतलं असेल तर तीन आठवडे नेटानं शोधा, कारण त्याचं कार्ड सापडलं तर बऱ्याच सुया वाचतात. तेवढ्यात डॉक्टरांची वेळ मात्र घेऊन ठेवा, सप्टेंबरात ती मिळत नाही.

आणि भारतात फोन रात्री जागून करू नका. संध्याकाळची ओपीडी ६ वाजता उघडते, तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. मुलाला शाळेत सोडलंत की गाडीतूनच लावा.