गटात तपासणी की एकेकटीची? मलावी या आफ्रिकी देशातल्या गरोदर बायकांचं बघू

नेहमीची पद्धत म्हणजे सकाळी चालत आरोग्य केंद्रावर यायचं, तासन्‌तास रांगेत बसायचं आणि नर्ससमोर जेमतेम काही मिनिटं, बीपी वजन पोट बघून झालं की पुढचा नंबर, विचारायचं ते मनातच राहतं. तिथे नर्स-मिडवाइफ संशोधकांनी अभ्यासलेल्या गट-तपासणीत साधारण सारखेच दिवस गेलेल्या ८ ते १२ जणी दोनेक तास एकत्र बसतात, बीपी स्वतः मोजतात, पोट मात्र नर्स आडोशाला तपासते. मला तर हेच पटतं. पण आफ्रिकेतल्याच रवांडात ३६ केंद्रांवर गट-तपासणीची ट्रायल झाली तिथे बाळ किती आठवड्यांना जन्मतं यात फरक दिसला नाही, हेही खरंय. आणि सोळा वर्षांची पोर मोठ्या बायकांत तोंड उघडेल का? तिला वेगळा गटच हवा.